टपाल आणि फाइल : लिनक्स सर्व्हरवरील दोन सेवा

सर्व्हर म्हणजे निराळ्या जातीचा संगणक नव्हे. इतर संगणकांकडून येणाऱ्या मागणीस उत्तर देण्याचे काम ज्या संगणकावर सोपविलेले असते, तो सर्व्हर होय. त्यावर चालणारी कार्यप्रणाली कोणतीही असू शकते. परंतु १९९१ साली हेल्सिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने ज्या लिनक्सचा आरंभ केला, ती प्रणाली आज जगभरच्या सर्व्हरांवर फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ती विनामूल्य मिळते, तिचा मूळ आराखडा कोणालाही वाचता व बदलता येतो आणि साध्या यंत्रावरही ती दीर्घकाळ चालू राहते. यामुळे शाळा, ग्रंथालये व लहान कार्यालये यांनाही स्वतःचा सर्व्हर उभारणे शक्य झाले आहे.

असा सर्व्हर उभारला की त्याच्याकडून बहुधा दोन कामांची अपेक्षा केली जाते. एक म्हणजे पत्रांची देवघेव आणि दुसरे फायलींची ने-आण. वरवर पाहता ही दोन्ही कामे सोपी आहेत, कारण आवश्यक ते प्रोग्राम काही मिनिटांत बसविता येतात. परंतु प्रोग्राम बसविला म्हणजे सेवा सुरू झाली, असे होत नाही. समजा, एका शिक्षणसंस्थेने प्रवेश मिळाल्याची पत्रे आपल्या सर्व्हरवरून विद्यार्थ्यांना पाठविली. सर्व्हरच्या नोंदवहीत ती ‘पाठविली’ अशी नोंद झाली. पण एका विद्यार्थ्याचे पत्र रद्दीच्या कप्प्यात जाऊन पडले आणि शुल्क भरण्याची मुदत उलटून गेली. येथे कोणताही प्रोग्राम बंद पडलेला नाही. तरीही सेवा घडली नाही आणि त्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया गेले. म्हणून या दोन सेवा कशा चालतात, कोठे अडतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवता यावा यासाठी काय करावे लागते, हे क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल.

एका मुळाच्या दोन शाखा

टपाल आणि फाइल-हस्तांतर या आज दोन स्वतंत्र सेवा असल्या तरी त्यांचा उगम एकच आहे. एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर कशी न्यावी, याचे नियम एप्रिल १९७१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे काम करणाऱ्या अभय भूषण यांनी लिहून काढले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. त्यांच्या या मसुद्यापासून ‘एफटीपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाइल-हस्तांतराच्या नियमावलीची परंपरा सुरू होते.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याचा प्रयोग केला. एकाच यंत्राच्या वापरकर्त्यांना परस्परांसाठी निरोप ठेवता येईल असा एक प्रोग्राम त्या वेळी होता आणि जाळ्यातून फाइल पाठविणारा दुसराही होता. टॉमलिन्सनने हे दोन प्रोग्राम एकत्र जोडले. पत्र कोणासाठी आहे आणि ती व्यक्ती कोणत्या यंत्रावर आहे, हे वेगळे दाखविण्यासाठी त्याने ‘@’ हे चिन्ह निवडले. याचा अर्थ असा की, पहिले संगणकीय पत्र हे वस्तुतः फाइल-हस्तांतरच होते. १९७२ मध्ये एफटीपीच्या नियमांतच पत्र पाठविण्याच्या आज्ञा समाविष्ट झाल्या. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी टपालाची स्वतंत्र नियमावली सुस्थिर स्वरूपात मांडली. तिला ‘एसएमटीपी’ म्हणतात. दोन्ही शाखांतील सर्व्हर आजही तीन अंकी क्रमांकांनी उत्तरे देतात, ही त्या जुन्या नात्याची खूण होय.

सेवा सुरू करण्यापूर्वी

टपालाच्या सेवेतील पुष्कळशा अडचणींचे मूळ टपालाच्या प्रोग्राममध्ये नसते. ते सर्व्हरच्या नावात व पत्त्यात असते. प्रत्येक सर्व्हरला जाळ्यावर एक अंकी पत्ता असतो. माणसांनी वापरावयाचे नाव आणि हा अंकी पत्ता यांची सांगड ‘डीएनएस’ ही नामव्यवस्था घालते. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना केली. टपालासाठी या व्यवस्थेत तीन नोंदी नीट असाव्या लागतात.

पहिली नोंद म्हणजे सर्व्हरचे पूर्ण नाव व त्याचा अंकी पत्ता. दुसरी नोंद ‘एमएक्स’ या नावाची असून संस्थेच्या नावाने येणारी पत्रे कोणत्या सर्व्हरकडे न्यावीत, हे ती सांगते. अशा एकाहून अधिक नोंदी असू शकतात. प्रत्येकीला एक क्रमांक दिलेला असतो आणि ज्या नोंदीचा क्रमांक लहान, तिचा मान पहिला असतो. या नोंदीत सर्व्हरचे नावच द्यावे लागते. तेथे अंकी पत्ता लिहिणे नियमबाह्य आहे. तिसरी नोंद उलट दिशेची आहे. अंकी पत्त्यावरून नाव शोधू लागल्यास तेच नाव मिळाले पाहिजे. ही उलट नोंद संस्थेच्या हाती नसते. ज्या कंपनीने अंकी पत्ता पुरविला, तिच्याकडून ती करवून घ्यावी लागते. हे काम विसरले गेले तर पत्रे निघतात, परंतु पलीकडचे सर्व्हर त्यांना दारातच अडवितात.

घड्याळाचाही विचार आधीच करावयास हवा. पत्र केव्हा आले, कोणी पासवर्ड चुकविला, फाइल केव्हा बदलली या सर्व नोंदी वेळेवर आधारलेल्या असतात. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणकांची वेळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या कालदर्शक सर्व्हरांशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरांशी, मेळात ठेवावयाची आहे. कार्यनोंदी १८० दिवस जतन करण्याचे बंधनही त्यात घातलेले आहे.

टपालाचा संवाद

पत्र घेऊन आलेला सर्व्हर आणि ते स्वीकारणारा सर्व्हर यांच्यातील संवाद अगदी साधा असतो. तो पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. एका यंत्रावर अनेक सेवा चालत असल्याने प्रत्येक सेवेला क्रमांकित दार दिलेले असते. त्यालाच पोर्ट म्हणतात. जोडणी होताच स्वीकारणारा सर्व्हर २२० या अंकाने स्वागत करतो. आलेला सर्व्हर ‘एहलो’ म्हणून आपले नाव सांगतो. त्यानंतर तो पाठविणाऱ्याचा पत्ता सांगतो व मग घेणाऱ्याचा. दोन्ही मान्य झाल्यास दर वेळी २५० हे उत्तर मिळते. ‘डेटा’ या आज्ञेस ३५४ हे उत्तर मिळाले की पत्राचा मजकूर सुरू होतो. ज्या ओळीवर केवळ एक पूर्णविरामाचा ठिपका असेल, ती ओळ आली की मजकूर संपला, असे समजले जाते. मग स्वीकारणारा सर्व्हर पुन्हा २५० म्हणतो.

या शेवटच्या २५० मध्ये सबंध टपालसेवेचे मर्म आहे. हा अंक उच्चारताच पत्राची जबाबदारी एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते. त्यानंतर स्वीकारणाऱ्याने पत्राचा बटवडा तरी केला पाहिजे किंवा तो होऊ शकला नाही, हे पाठविणाऱ्यास कळविले तरी पाहिजे. पत्र स्वीकारून गुपचूप गमावणे हा टपालाच्या सर्व्हरचा सर्वांत मोठा अपराध होय. म्हणूनच चांगला प्रोग्राम पत्र डिस्कवर सुरक्षित लिहिले गेल्याखेरीज २५० म्हणत नाही.

नकाराचेही दोन प्रकार आहेत. चारने सुरू होणारा अंक तात्पुरती अडचण दर्शवितो. डिस्क भरली असेल, नामव्यवस्था उत्तर देत नसेल किंवा गर्दी झाली असेल, तर पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न केला जातो. पाचने सुरू होणारा अंक कायमचा नकार होय. त्या नावाचा माणूसच तेथे नसेल, तर पत्र पाठविणाऱ्याकडे परत जाते. नोंदवही वाचताना हा पहिला अंक पाहण्याची सवय लावून घेतली तर अर्धे निदान तेथेच होते.

आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. या संवादात सांगितलेले पत्ते हे लखोट्यावरील पत्ते होत. पत्राच्या आत ‘प्रेषक’ व ‘प्रति’ म्हणून जे लिहिलेले असते, तो पत्राचा मायना. बटवडा लखोट्यावरून होतो, वाचणाऱ्याला मात्र मायना दिसतो. हे दोन्ही सारखेच असावेत, असे बंधन मूळ नियमांत नाही. एखाद्यास गुप्तपणे प्रत पाठविता येते ती यामुळेच, आणि दुसऱ्याच्या नावाने खोटे पत्रही पाठविता येते ते यामुळेच.

पोस्टफिक्सची मांडणी

१९८० च्या दशकात टपालाचे काम मुख्यतः एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे लिहिलेल्या सेंडमेल या प्रोग्रामवर चालत असे. तो अतिशय समर्थ होता. परंतु एकच मोठा प्रोग्राम यंत्राचे सर्वाधिकार घेऊन सारे काही करीत असे. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला किडा ज्या वाटांनी संगणकांत शिरला, त्यांपैकी एक वाट सेंडमेलमधील उणिवेची होती. या अनुभवाचा परिणाम पुढील पिढीतील प्रोग्रामांच्या रचनेवर झाला. वित्झे व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधनशाळेत लिहिलेला व डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला पोस्टफिक्स हा त्यांपैकी एक.

पोस्टफिक्सची रचना एखाद्या शिस्तीच्या टपाल कचेरीसारखी आहे. खिडकीवर पत्रे घेणारा प्रोग्राम निराळा, पत्राची तपासणी करून ते रांगेत लावणारा निराळा, रांग सांभाळणारा निराळा आणि बटवडा करणारा निराळा. प्रत्येकाला आपल्या कामापुरताच अधिकार असतो. यामुळे खिडकीवरचा प्रोग्राम फसला तरी सारी कचेरी लुटली जात नाही.

पोस्टफिक्सच्या मुख्य मांडणी-फाइलमध्ये शेकडो बाबी असल्या तरी आरंभी चारच नीट लिहाव्या लागतात. पहिली बाब सर्व्हरचे पूर्ण नाव ही होय, आणि ते नामव्यवस्थेतील नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. दुसरी बाब कोणत्या जोडण्यांवर कान द्यावयाचा, ही आहे. काही लिनक्स वितरणांत पोस्टफिक्स मुळात केवळ स्वतःच्याच यंत्राचे ऐकतो. ही बाब न बदलल्यास पत्रे बाहेर जातात, पण बाहेरून एकही येत नाही. तिसरी बाब कोणत्या नावांची पत्रे ‘आपली’ समजावयाची, ही आहे. संस्थेचे नाव या यादीत घालावयाचे राहिले तर विचित्र प्रकार घडतो. पत्र येते, सर्व्हर ते पुढे कोठे न्यावे म्हणून एमएक्स नोंद पाहतो, तेथे त्याला स्वतःचेच नाव आढळते आणि पत्र आपल्याकडेच फिरून येत असल्याची तक्रार तो नोंदवितो. चौथी बाब कोणत्या यंत्रांची पत्रे बाहेर पोचवून द्यावयाची, ही होय. तिचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा.

उघडे दार आणि खोटी सही

कोणाचेही पत्र कोणाकडेही पोचविणाऱ्या सर्व्हरला उघडा सर्व्हर म्हणतात. प्रारंभीच्या काळात ही सौजन्याची रीत होती. जाळे लहान होते आणि एकमेकांची पत्रे पुढे नेणे हा शेजारधर्म मानला जाई. व्यापारी जाहिरातींचा मारा सुरू झाल्यावर याच सौजन्याचा दुरुपयोग होऊ लागला. १९९८ साली सेंडमेलने आपल्या ८.९ या आवृत्तीत ही वाट मुळातच बंद केली. आज उघडा राहिलेला सर्व्हर शोधून काढून त्याच्यामार्फत रद्दी पत्रे पाठविण्याचे काम स्वयंचलित प्रोग्राम अहोरात्र करीत असतात. असा सर्व्हर सापडला की तो काळ्या यादीत जातो आणि मग संस्थेची खरी पत्रेही नाकारली जातात.

यास्तव पत्र बाहेर पोचविण्याची मुभा दोघांनाच द्यावी. एक तर स्वतः सर्व्हरला व आतील विश्वासू यंत्रांना, आणि दुसरे, नाव व पासवर्ड देऊन ओळख पटविणाऱ्या वापरकर्त्यांना. या दुसऱ्या वर्गासाठी ५८७ किंवा ४६५ क्रमांकाचे पोर्ट राखून ठेवलेले आहे. दार खरोखर बंद आहे की नाही, याची परीक्षा बाहेरच्या जाळ्यावरील यंत्रावरून घ्यावी. घरातून दार लोटून पाहणारा आधीच आत असतो. त्याला ते नेहमी उघडेच वाटते.

स्वतःचे दार बंद केले तरी दुसरा कोणी संस्थेचे नाव मायन्यात घालून खोटी पत्रे पाठवू शकतो. त्यावर तीन उपाय प्रचलित आहेत आणि तिन्हींच्या नोंदी नामव्यवस्थेत कराव्या लागतात. ‘एसपीएफ’ ही नोंद संस्थेच्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे, हे जाहीर करते. तिचा संबंध लखोट्याशी असतो. ‘डीकेआयएम’ या पद्धतीत सर्व्हर प्रत्येक पत्रावर आपल्या खासगी किल्लीने सांकेतिक सही करतो. सही पडताळण्याची सार्वजनिक किल्ली नामव्यवस्थेत ठेवलेली असते. ‘डीमार्क’ हा तिसरा उपाय या दोन्हींची सांगड मायन्यातील प्रेषकाशी घालतो आणि मेळ बसत नसेल तर पत्राचे काय करावे, हे सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना हे तिन्ही उपाय सक्तीचे केले. पत्रे थोडी असली तरी पहिल्या दोहोंपैकी एक उपाय व बरोबर उलट नोंद यांवाचून ती स्वीकारली जातील, याची शाश्वती राहिली नाही. आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याचे पत्र रद्दीत पडावयास एवढ्या एका नोंदीचा अभावही पुरेसा असतो.

पत्रपेटी

पोस्टफिक्सचे काम पत्र पेटीत टाकण्यापर्यंतचे आहे. पेटी उघडून वाचकाला पत्र दाखविणे हे दुसऱ्या प्रोग्रामचे काम होय. लिनक्सवर त्यासाठी डव्हकॉट हा प्रोग्राम बहुधा वापरला जातो. फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली रचलेल्या ‘आयमॅप’ नियमावलीनुसार तो चालतो. या पद्धतीत पत्रे सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे कार्यालयातील संगणकावर व खिशातील फोनवर तीच पेटी दिसते.

येथे नवशिक्यांना हटकून गोंधळात टाकणारी एक चूक होते. पत्रे साठविण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत एका माणसाची सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिली जातात. नव्या रीतीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल होते. पोस्टफिक्स एका रीतीने पत्रे टाकत असेल आणि डव्हकॉट दुसऱ्या रीतीने शोधत असेल तर दोन्ही प्रोग्राम निर्दोष चालतात आणि पेटी मात्र रिकामी दिसते. पत्र हरविलेले नसते, ते शेजारच्या पेटीत पडलेले असते. दोन्ही मांडणी-फाइलींत एकच जागा व एकच रीत लिहिली की हा प्रश्न सुटतो.

वाचकाचा पासवर्ड वाटेत कोणी वाचू नये म्हणून ही जोडणी सांकेतिक लिपीतून करावी लागते. आयमॅपसाठी ९९३ हे पोर्ट त्याकरिताच आहे. सर्व्हरची ओळख पटविणारे प्रमाणपत्र आज विनामूल्य मिळू शकते. मात्र ते थोड्या महिन्यांपुरतेच वैध असते. नूतनीकरण आपोआप होण्याची व्यवस्था करून भागत नाही. नवे प्रमाणपत्र पोस्टफिक्स व डव्हकॉट यांना पुन्हा वाचावयास लावले पाहिजे. अन्यथा नवे प्रमाणपत्र डिस्कवर पडून राहते, जुनेच दाखविले जाते आणि एके सकाळी सर्वांच्या पेट्या एकदम बंद होतात.

फाइलींची ने-आण

एफटीपीचे वैशिष्ट्य म्हणजे त्यात एका कामासाठी दोन जोडण्या लागतात. पहिली जोडणी २१ क्रमांकाच्या पोर्टवर होते व तिच्यावरून केवळ आज्ञा आणि उत्तरे जातात. प्रत्यक्ष फाइल, किंबहुना फायलींची यादीसुद्धा, दुसऱ्या जोडणीवरून जाते. मूळ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर स्वतः होऊन वापरकर्त्याच्या यंत्राकडे करी. पुढे प्रत्येक कार्यालयापुढे संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, उभी राहिली. बाहेरून येणारी अनोळखी जोडणी ती अडवू लागली. त्यावर ‘पॅसिव्ह’ पद्धत हा तोडगा आहे. तीत सर्व्हर आपले एक पोर्ट उघडून त्याचा क्रमांक कळवितो आणि वापरकर्ता तेथे जोडणी करतो.

हा क्रमांक सहा संख्यांच्या रूपाने कळविला जातो. पहिल्या चार संख्या अंकी पत्त्याच्या असतात व शेवटच्या दोहोंवरून पोर्ट काढावयाचे असते. पाचव्या संख्येला २५६ ने गुणून त्यात सहावी मिळवावी. उदाहरणार्थ, शेवटच्या दोन संख्या १९५ व ८० असतील तर पोर्ट ५०,००० होय. लॉग-इन होते, पण फायलींची यादी काही केल्या येत नाही, ही एफटीपीबद्दलची तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे कारण आता स्पष्ट होईल. आज्ञेची जोडणी झालेली असते, परंतु दुसरी जोडणी भिंतीशी अडलेली असते. किंवा सर्व्हर एखाद्या राउटरच्या आड असून बाहेरच्या पत्त्याऐवजी आपला अंतर्गत पत्ताच कळवीत असतो. व्हीएसएफटीपीडी या परिचित प्रोग्राममध्ये पॅसिव्ह पोर्टांची मर्यादा ठरवून द्यावी, तेवढीच पोर्टे भिंतीत उघडावीत आणि बाहेरचा पत्ता लिहावा, म्हणजे ही अडचण दूर होते.

दुसरी खोड मजकुराच्या प्रकाराची आहे. साधा मजकूर नेताना ओळींच्या शेवटी असणारी चिन्हे बदलण्याची सोय एफटीपीत आहे. त्याच प्रकाराने चित्र किंवा दाबून लहान केलेली फाइल नेली तर ती निकामी होते. अशा फाइलींसाठी ‘बायनरी’ प्रकारच निवडावा लागतो.

झाकलेला मार्ग

एफटीपीची खरी उणीव मात्र निराळीच आहे. तिच्या मूळ स्वरूपात नाव, पासवर्ड व फाइल हे सारे उघड्या अक्षरांत जाते. १९७१ च्या छोट्या जाळ्यात यात काही वावगे नव्हते. १९९५ साली हेल्सिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी पासवर्ड टिपून घेतल्याचे उघडकीस आल्यावर तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही सांकेतिक जोडणी निर्माण केली. तिच्यासाठी मिळालेले २२ हे पोर्ट एफटीपीचे २१ आणि टेलनेटचे २३ यांच्या मधोमध आहे. ज्या दोन उघड्या सेवांची जागा तिने घ्यावयाची होती, त्यांच्यामध्येच ती जाऊन बसली. १९९९ पासून ओपनएसएसएच हे तिचे मुक्त रूप उपलब्ध असून बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर ते सहज मिळते.

एसएसएचवरून फाइली नेण्याच्या पद्धतीस ‘एसएफटीपी’ म्हणतात. नावात साम्य असले तरी ती एफटीपीची सुधारित आवृत्ती नव्हे. तिची रचना स्वतंत्र आहे. तिला एकच जोडणी पुरते, त्यामुळे भिंतीत एकच दार ठेवावे लागते. केवळ फाइली ठेवू इच्छिणाऱ्यास सर्व्हरवर इतर आज्ञा चालविता येऊ नयेत म्हणून त्याला एका कोठाराच्या आतच बंदिस्त करता येते. येथे एक अट कटाक्षाने पाळावी लागते. त्या कोठाराच्या मुळाशी असलेली जागा मुख्य प्रशासकाच्या मालकीची असावी व तेथे इतर कोणास लिहिता येऊ नये. लिहिण्यासाठी तिच्या आत वेगळा कप्पा करून द्यावा. ही अट मोडल्यास पासवर्ड बरोबर असूनही जोडणी लगेच तुटते. व्हीएसएफटीपीडीदेखील अशा वेळी काम नाकारतो. ज्याला कोंडावयाचे, त्याच्याच हाती भिंतीच्या विटा देऊ नयेत, असा या अटीमागील विचार आहे.

उघड्या एफटीपीचा वापर आता मागे पडत आहे. लिनक्सच्या गाभ्याचे वितरण करणाऱ्या केंद्राने मार्च २०१७ मध्ये व डेबियन प्रकल्पाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केल्या. २०२१ मध्ये प्रमुख ब्राउझरांनीही एफटीपीचा आधार काढून टाकला. त्यामुळे नव्या सर्व्हरवर एसएफटीपी हाच पहिला पर्याय असावा, आणि जुन्या यंत्रासाठी एफटीपी ठेवावीच लागली तर ती सांकेतिक आवरणासह ठेवावी. प्रोग्राम कोठून घेतला, यालाही महत्त्व आहे. जुलै २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडीच्या २.३.४ या आवृत्तीच्या वितरणस्थानावरील प्रतीत कोणी चोरदार बसविल्याचे आढळले. वापरकर्त्याच्या नावात विशिष्ट दोन चिन्हे लिहिली की ते उघडत असे. सहीची पडताळणी करणाऱ्यास तो बदल लक्षात येण्यासारखा होता.

नोंदवही आणि राखण

सेवा बिघडली असता मांडणी-फाइलीत अंदाजाने बदल करीत बसणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. एकाच वेळी चार बदल केले आणि सेवा सुरू झाली तर कोणत्या बदलाने ती सुरू झाली, हे कळत नाही. आणि नको असलेले तीन बदल मागे राहतात. त्याऐवजी तपासाचा एक ठराविक क्रम असावा. प्रोग्राम चालू आहे काय? तो अपेक्षित पोर्टवर ऐकत आहे काय? त्याच यंत्रावरून जोडणी होते काय? शेजारच्या यंत्रावरून होते काय? बाहेरच्या जाळ्यावरून होते काय? ज्या पायरीवर उत्तर ‘नाही’ असे येईल, तेथेच दोष शोधावयाचा. पहिल्या तीन पायऱ्या ठीक असून पुढची अडली तर फायरवॉल पाहावी. सर्व पायऱ्या ठीक असूनही पत्र पोचत नसेल तर नामव्यवस्थेच्या नोंदी पाहाव्यात. अनेक इंटरनेट कंपन्या व भाड्याने यंत्रे देणाऱ्या संस्था रद्दी पत्रांच्या भयाने पंचवीस क्रमांकाची बाहेर जाणारी वाट मुळातच बंद ठेवतात. अशा ठिकाणी परवानगी मागावी लागते किंवा दुसऱ्या मान्य सर्व्हरमार्फत पत्रे पाठवावी लागतात.

पोस्टफिक्सची रांग दररोज पाहिली पाहिजे. ज्या पत्राचा बटवडा होत नाही, त्यासाठी तो साधारणतः पाच दिवस प्रयत्न करीत राहतो व नंतर ते परत पाठवितो. पाचव्या दिवशी परत आलेल्या पत्राचा मुदत गेलेल्या विद्यार्थ्याला काहीच उपयोग नसतो. पहिल्याच दिवशी रांग पाहणाऱ्याला मात्र ते पत्र का अडले, हे एका ओळीत वाचावयास मिळते. रांग एकाएकी हजारोंनी वाढलेली दिसली तर कोणाचा तरी पासवर्ड चोरीस गेला असावा, असे समजून आधी ते खाते बंद करावे आणि मग कारण शोधावे. मांडणी-फाइली, पत्रपेट्या आणि कोठारे यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी आणि ती प्रत उलगडून पूर्ववत होते की नाही, हे अधूनमधून करून पाहावे.

अभय भूषण आणि टॉमलिन्सन यांच्या काळी जाळ्यावरील यंत्रांची संख्या मोजता येण्यासारखी होती आणि ती चालविणारे लोक बहुधा परस्परांस ओळखत. त्या वेळच्या नियमांत परस्परविश्वास गृहीत धरलेला आहे. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जी प्रमाणपत्रे, सह्या व बंद दारे आली, ती गमावलेल्या विश्वासाची यंत्राने केलेली भरपाई होय. परंतु यंत्राची भरपाई एका मर्यादेपर्यंतच पुरते. २५० हा अंक सर्व्हर उच्चारतो. त्यामागची जबाबदारी मात्र ज्याच्या हाती तो सर्व्हर सोपविलेला असतो, त्या माणसाची असते. तो रोज सकाळी नोंदवही उघडून पाहतो की नाही, यावर कोणाच्या तरी पत्राचे पोचणे अवलंबून असते.